घरातल्या घरात लहान मुलांना काय खेळायला द्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की माझ्याकडे एकाच छापाचे मेसेज सुरू होतात, "ताई, खाली चिखल झालाय, घरात काय खेळवू?" मे महिन्यात तेच उन्हापायी, दिवाळीनंतर तेच सर्दीपायी. मी बालवाडीत शिकवते त्यामुळे लोकांना वाटतं माझ्याकडे खेळांची पोतडी असणार. तशी ती आहेच, पण निम्म्याहून जास्त गोष्टी तुमच्याच घरात पडलेल्यायत. जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. वय साधारण एक ते सात धरलंय. उत्तर दुसऱ्या प्रश्नात असेल तर नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. कुठल्या वयाला कुठला खेळ? थोडक्यात सांगा ना.

एक ते दोन वर्षांच्या पोराला खेळ शिकवायचा नसतोच. त्याला डब्यात घालायचं, डब्यातून काढायचं, झाकण लावायचं, उघडायचं, ओतायचं आणि पाडायचं असतं, तोच त्याचा खेळ. दोन ते तीनला नक्कल सुरू होते, फोनवर बोलणं, केर काढणं, बाहुलीला झोपवणं. तीन ते पाच म्हणजे सोन्याचा काळ, डॉक्टर-डॉक्टर, दुकान, बस, शाळा, काहीही बनतं आणि उशीची पण बाळं होतात. नियमांचे खेळ, म्हणजे सापशिडी, पत्ते वगैरे, पाचच्या आसपास जमायला लागतात. आधी आणले तर सोंगट्या सोफ्याखाली जातात आणि तुमची चिडचिड होते एवढंच. आता हे सगळं ढोबळ आहे हां, शेजारचा पावणेचारचा पत्ते खेळतो म्हणून टेन्शन घेऊ नका.

२. नवीन काही विकत न आणता काय काय होईल? घर आधीच खेळण्यांनी भरलंय.

घर भरलंय हाच प्रॉब्लेम आहे. निम्मी खेळणी पिशवीत भरून माळ्यावर टाका आणि दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल करा, जुनी खेळणी नव्यासारखी वाटतात, हा प्रकार सगळ्यांकडे चालतो.

बाकी घरातलंच: स्टीलच्या वाट्या आणि डबे (एकात एक बसणारे असतील तर फारच छान), कपडे वाळत घालायचे चिमटे, जुनी ओढणी, रिकामे खोके, अंड्याचा ट्रे, पुठ्ठ्याच्या नळ्या, चहाची गाळणी, नरसाळं, जुना कीबोर्ड. मोठ्ठं खोकं मिळालं, फ्रिजचं किंवा वॉशिंग मशीनचं, तर रद्दीवाल्याला अजिबात देऊ नका, त्यावर पंधरा दिवस निघतात. फक्त आतल्या स्टेपलर पिना आणि थर्माकोल काढून टाका.

घरातल्या आणि आजूबाजूच्या वस्तूंवर बालवाडी चालवायची ही काही आजची फॅशन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, आताच्या पालघर जिल्ह्यात, गावातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली तेव्हा महागडी साधनं परवडणारी नव्हतीच, मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे अशा तिथल्याच वस्तू मुलांच्या हातात दिल्या. मुलं मोठी, म्हणजे सहा-सातची असतील तर अरविंद गुप्तांची खेळणी बघा, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घर बनवणं वगैरे. त्यांच्या साइटवर सगळं फुकट आहे, मराठीतही भरपूर आहे. काड्यांची गुलाची टोकं मात्र आपण आधी तोडून द्यायची.

सिझन बघून पण बरंच मिळतं. गणपतीच्या आधी शाडू मिळतो, किलो-दोन किलो जास्तीचा आणून ठेवा, वाळला की पाण्यात भिजवला की परत मऊ. दिवाळीत फ्लॅटमध्ये किल्ला होत नाही म्हणणाऱ्यांनी घमेल्यात करून बघा, बाल्कनीच्या कोपऱ्यात. माती, दोन विटा, वर अळीव टाका आणि रोज पाणी शिंपडा, तीन-चार दिवसांत हिरवं दिसायला लागतं आणि पोरं शाळेतून आली की आधी तिकडे पळतात.

३. काहीही काढून दिलं तरी पाच मिनिटांत टाकून देतो. लक्षच नाही. नॉर्मल आहे का?

दोन-अडीच वर्षांच्या मुलाने पाच मिनिटं एका गोष्टीत घालवली तर ती भरपूर झाली. आपल्याला वाटतं आपण वीस मिनिटं तयारी केली तर त्याने तासभर खेळावं, त्याच्याशी असा करार झालेला नसतो.

तरीपण दोन गोष्टी तपासा. एक, समोर एकदम दहा वस्तू आहेत का? तीन ठेवा. दोन, तुम्ही मधे मधे बोलताय का? "हा कुठला रंग? किती झाले? असं नाही, असं लाव." मूल गुंतलेलं असतं आणि आपण त्याची परीक्षा घेत बसतो, मग ते उठून जातं. चिमटे डब्याच्या काठाला लावत बसलेलं दोन वर्षांचं मूल नीट बघा, जीभ बाहेर आलेली असते, चिमटा दोनदा सटकतो, तिसऱ्यांदा बसतो, मग ते इकडे तिकडे बघतं. तेव्हा हसा, बास. "व्वा व्वा शाब्बास"ची पण गरज नसते.

आणि "मला बोअर होतंय" म्हणाला की लगेच धावू नका. थोडा वेळ लोळू दे, त्यातूनच काहीतरी काढतो. हे माझं ठाम मत आहे आणि त्यावरून माझी भांडणं झालेली आहेत.

४. चार दिवस पाऊस थांबत नाहीये, पोरगं भिंतीवर चढायचं बाकी आहे. ही एनर्जी घालवायची कुठे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी आणि त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी. म्हणजे भिंतीवर चढणारं मूल बरोबरच वागतंय, घर त्याला पुरत नाहीये.

डोंगर का पाणी घरात मस्त होतं: गाद्या, उशा, सतरंजी म्हणजे डोंगर, फरशी म्हणजे पाणी, ज्याच्यावर राज्य आहे त्याने पाण्यात सापडलेल्याला पकडायचं. चिकटपट्टीने फरशीवर लंगडीची घरं आखा. एक सरळ रेघ, एक नागमोडी रेघ, त्यावरून डोक्यावर पुस्तक ठेवून चालायचं. जुन्या चादरीवर एकाला बसवून दुसऱ्याने ओढायचं, गुळगुळीत टाइल्सवर हे असं पळतं की बाबा लोक पण बसायला तयार होतात. पाण्याच्या बाटल्या अर्ध्या भरून बोलिंग. मोज्यांचे गोळे करून लांबून टोपलीत टाकणं. बेडूक, खेकडा, मांजर, हत्ती अशा चाली, आपण फक्त बसल्या जागी प्राण्याचं नाव घ्यायचं (हा भाग मला विशेष आवडतो).

गाणी लावून स्टॅच्यू पण चालतो. शिवाजी म्हणतो हा खेळ साडेचार-पाचपासून जमतो, त्याच्या आधी मुलं शिवाजी म्हणाला काय आणि न म्हणाला काय, सगळंच करतात आणि तेही मजेशीरच असतं.

सावध कुठे राहायचं: पलंगावर उड्या मारायला देताना वर फिरणारा पंखा बघा, आणि मुलाला हवेत उडवताना तर आधी पंखा बंदच करा. पलंग खिडकीला लागून असेल तर ग्रिल आहे ना, ती घट्ट आहे ना. टीव्ही आणि पुस्तकांचं कपाट भिंतीला पक्कं हवं, मुलं खण उघडून त्यावर शिडीसारखी चढतात. आणि पाऊस उघडला की अर्धा तास तरी खाली न्याच, कपडे काय धुता येतात.

५. आमच्या खाली राहणारे काका उड्यांचा आवाज आला की बेल वाजवतात. मग काय करायचं?

काकांचीही बाजू आहे. दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर उड्या बंद, हे त्यांना आपण होऊन जाऊन सांगा, निम्मा राग तिथेच जातो.

बिनआवाजाची हालचाल पण असते. भिंत ढकलण्याची स्पर्धा (भिंत हलत नाही, मूल दमतं), उशांनी भरलेली टोपली ढकलत नेणं, सतरंजीत गुंडाळून पोळीचा रोल करणं, फक्त तोंड बाहेर ठेवून. झोपलेल्या वाघाजवळून पाय न वाजवता जायचं आणि त्याच्या उशाची चावी पळवायची, वाघ कोण हे सांगायला नको, ज्याला पाठ टेकायचीय तो. लंगडी आणि बेडूकउड्या गादीवर घ्या.

६. वन रूम किचन आहे, पाच माणसं. हे सगळं कुठे करणार?

जमिनीवर जागा नसेल तर उंचीचा आणि कोपऱ्यांचा उपयोग करा. टेबल किंवा दिवाणाखाली चादर सोडली की घर तयार. पावसाळ्यात तसाही ओल्या कपड्यांचा स्टँड हॉलमध्ये ठाण मांडून असतो, त्याच्यावर साडी टाका, खाली चटई, आत टॉर्च, झाला तंबू. आत बसून सावल्यांचे प्राणी करता येतात, हाताचा कुत्रा, ससा, पक्षी. जागा छोटी असली की मुलांना उलट जास्त आवडतं, मोठ्या हॉलमध्ये पण ती सोफ्यामागेच जाऊन बसतात ना.

एक परात किंवा मोठा ट्रे ही खेळाची हद्द ठरवा. रवा, कणीक, पाणी, माती, जे काय असेल ते परातीतच. सुरुवातीला बाहेर सांडणारच, पण कडा दिसत असली की मुलांना समजतं.

७. खेळायची कणीक घरी कशी करायची? दुकानातली महाग पडते आणि दोन दिवसांत वाळते.

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन चमचे तेल आणि लागेल तसं पाणी, साधारण पाऊण वाटीपासून सुरुवात करा. पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळा. रंगासाठी हळद, बिटाचा रस, पालकाचं पाणी किंवा खायचा रंग. बंद डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि गोळा चिकट होतो, थोडा मैदा टाकून परत मळा. वास यायला लागला की सरळ फेकून द्या.

यात मीठ खूप असतं म्हणून खाऊ देऊ नका. सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर ही कणीक नकोच, रोजच्या पोळीच्या कणकेतला गोळा द्या. घरात कुत्रा असेल तर डबा वर ठेवा, एवढं मीठ त्याला बाधतं. आणि साच्यांचे सेट आणू नका हो. काटा-चमचा, कंगवा, चकलीचा सोऱ्या, वाटीची कड, करंजीचं कातणं, एवढ्यात काय काय होतं.

८. रंग द्यायची भीती वाटते. भिंती भाड्याच्या आहेत.

बाथरूम! आंघोळीच्या आधी कपडे काढून बाथरूममध्ये बसवा आणि टाइल्सवर पाण्याचे रंग लावू द्या, मग मूल आणि टाइल्स एकदमच धुवा. दुसरं म्हणजे पाटी आणि पाणी. काळी पाटी, एक जाड ब्रश, वाटीत पाणी, चित्र काढायचं, ते वाळून गायब होतं, परत काढायचं. कागद नाही, डाग नाही, आणि गायब होताना बघण्यातच जास्त गंमत असते.

ठसे करायचे तर भाजी चिरताना देठाकडचे तुकडे बाजूला ठेवा. आडवी चिरलेली भेंडी म्हणजे फूल, कारल्याचा काप म्हणजे दातेरी चाक, अर्धा कांदा म्हणजे गोलात गोल. रंग ताटलीत ओला स्पंज ठेवून त्यावर घाला म्हणजे ठसा गिचमिड होत नाही.

हळदीची जादू चार-पाच वर्षांच्या मुलांना जरूर दाखवा. कागदावर हळदीचं पाणी फासून वाळवा. मग कापसाच्या बोळ्याने साबणाच्या पाण्याने त्यावर लिहायला सांगा, अक्षर लाल उठतं. त्याच्यावर लिंबू फिरवलं की परत पिवळं. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळा, जांभळट डाग येतो, त्यावर लिंबाचा थेंब टाकला की गुलाबी होतो. हे एकदा दाखवलं की पुढचे दोन दिवस घरातल्या प्रत्येक गोष्टीवर लिंबू पिळलं जातं, तयारीत राहा.

भिंतीवर खडू उमटलाच तर ऑइल पेंट किंवा धुता येणाऱ्या रंगावर ओल्या फडक्याला थोडा खायचा सोडा लावून हलक्या हाताने पुसा. डिस्टेंपर असेल तर पुसू नका, रंगच निघून येईल, तिथे कॅलेंडर लावा. कपड्यावरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की फिका होत जातो.

९. सगळं तोंडात घालते. आणि परवा भावाच्या मुलाने नाकात चणा घातला. काय द्यायचं आणि काय नाही?

तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी सोपी कसोटी: टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती द्यायची नाही. मणी, बटणं, गोट्या, चिंचोके, सागरगोटे, सगळं बाद. दाणे, चणे, अख्खी द्राक्षं हे खाऊ म्हणूनसुद्धा चार-पाच वर्षांपर्यंत जपून, पळता पळता तर अजिबात नाही. न फुगवलेले फुगे आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, घशात बसले तर फार वाईट. पातळ प्लास्टिकच्या पिशव्या पण नकोत.

सगळ्यात घातक म्हणजे बटणासारखी चपटी बॅटरी, रिमोट, गाणारं खेळणं, वजनकाटा, लुकलुकणारी राखी यात असते. गिळली तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांतसुद्धा गंभीर इजा करते. गिळल्याची नुसती शंका असली तरी वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलला. छोटे जोरदार लोहचुंबक गिळले तरी तसंच.

नाकातला चणा पिनेने, चिमट्याने काढायला जाऊ नका, अजून आत जातो. चणा ओला होऊन फुगतो म्हणून त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या.

१०. पाण्याशी खेळायचा हट्ट असतो. द्यावं का?

द्यावं, फक्त तुम्ही हाताच्या अंतरावर बसणार असाल तरच. लहान मूल दोन-तीन इंच पाण्यातही बुडू शकतं आणि आवाज होत नाही. फोन आला, दार वाजलं तर मुलाला उचलून बरोबर न्या. खेळ झाला की पाणी ओतून टाका. पाणी भरून ठेवायची सवय असलेल्या घरांनी बादल्या-पिंपांवर झाकण आणि बाथरूमला वरची कडी लावा.

परातीत चार बोटं पाणी पुरतं. गाळणी, नरसाळं, औषधाचं माप, रिकामी शाम्पूची बाटली. बुडतं का तरंगतं: बटाटा बुडतो, वांगं तरंगतं, आख्खं संत्रं तरंगतं आणि सोललं की बुडतं, हे बघून मोठी माणसं पण परत एकदा करून बघतात.

११. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळीच पायात घोटाळतो. कुकर लावू का याला खेळवू?

कामातच घ्या. ओट्यापासून लांब, खाली चटईवर बसवा. कोथिंबिरीची पानं खुडणं, भिजवलेल्या लसणाच्या पाकळ्या सोलणं, मटार सोलणं (तीनच्या पुढे, आणि तुमची नजर हवी, कारण प्रश्न ९), राजमा आणि चवळी एकत्र करून वेगवेगळ्या वाट्यांत निवडणं, धुतलेले चमचे-काटे लावणं. मटार हे फार भारी काम आहे, शेंग दाबली की टच आवाज होतो, आत किती दाणे निघतील ते आधी ओळखायचं, सोललेल्यातले अर्धे पोटात जातात आणि जेवताना मटार न खाणारी मुलं इथे मुकाट खातात.

पोळ्या करताना छोटा गोळा आणि लाटणं द्या. नकाशा लाटला तरी भाजा आणि ताटात वाढा.

१२. वर्क फ्रॉम होम आहे, मीटिंग असली की एकटं खेळायला पाहिजे. कसं शिकवू?

एकटं खेळणं मीटिंगच्या दिवशी शिकत नाही, सुट्टीच्या दिवशी शिकतं. आधी दहा मिनिटं पूर्ण त्याच्याबरोबर बसा, फोन बाजूला. मग त्याच खोलीत तुमचं काम काढा, मग दार उघडं ठेवून दुसऱ्या खोलीत. दोन-तीन आठवडे लागतात. तीन-चार वर्षांच्या मुलाकडून सलग वीस मिनिटं मिळाली तर उत्तम समजा, तासाची मीटिंग असेल तर घरात दुसरं मोठं माणूस लागतंच, त्याला पर्याय नाही.

एक "मीटिंगचा डबा" ठेवा जो फक्त तेव्हाच निघतो: चिकटपट्टीचा रोल, जुन्या लग्नपत्रिका, स्टिकर, मऊ वायरी. चिकटपट्टी ही वस्तू मुलांना आपण फार कमी देतो. एक रोल संपवू द्या, काही होत नाही.

१३. मोठी सहाची, धाकटा दोनचा. ती बांधते, तो पाडतो. रोज युद्ध.

तो दोन वर्षांचा आहे, पाडणं हेच त्याचं काम आहे (प्रश्न १). तिचं बांधकाम टेबलवर, त्याचं खाली, हा साधा उपाय बऱ्याच घरांत चालतो. आणि तिला "तू मोठी ना, दे त्याला" हे वाक्य कमी वेळा ऐकवा.

एकत्र खेळायचे खेळ निवडायचे तर ज्यात दोघांना वेगळं काम आहे असे: दुकान (ती हिशोब करते, तो सामान आणतो), लपाछपी, बस (ती कंडक्टर, तो घंटी). दोन वर्षांची मुलं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात, एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे "हे दोघं एकत्र खेळतच नाहीत" ही तक्रार जरा लवकरची आहे.

१४. हरला की पट उधळतो. मुद्दाम हरायचं का आपण?

कधी कधी हरा, प्रत्येक वेळी नको. पण मुळात पाचच्या आत हार-जीत नसलेलेच खेळ घ्या, किंवा सगळे एका बाजूला असे: सगळ्यांनी मिळून उशांचा मनोरा छातीपर्यंत न्यायचा, घरातल्या सगळ्या गोल वस्तू दहा मिनिटांत जमवायच्या.

पत्त्यांची सुरुवात भिकार-सावकारने करा. पानं वाटून घ्यायची, न बघता आळीपाळीने टाकायची, वरच्या पानाशी जुळलं की ढीग आपला. यात अक्कल लागत नाही, सगळं नशीब, म्हणून लहान मूल बापाला रीतसर हरवतं आणि तुम्हाला खोटं खेळावं लागत नाही. क्षणात भिकारी क्षणात सावकार होत असल्याने हरण्याची सवय पण आपोआप होते. मग गाढव, मग सहा-सातला राजा-राणी-चोर-शिपाई, कारण चिठ्ठी वाचता यायला हवी. काचापाणी बांगडीच्या काचांऐवजी आइस्क्रीमच्या काड्यांनी खेळा, ढिगातून एक उचलायची, दुसरी हलली की पाळी गेली.

१५. मोबाईल दिल्याशिवाय शांत बसत नाही. किती चालेल?

जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटना, दोघांचं म्हणणं सारखंच आहे: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नाही, दोन ते पाच या काळात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर बरंच. आजीशी व्हिडिओ कॉल यात धरू नका. बंद करायचा असेल तर त्याच्या जागी काहीतरी हवं, नुसता काढून घेतला की रडारड. जिथे हमखास दिला जातो ती वेळ पकडा, बहुतेक घरांत जेवण आणि स्वयंपाक (प्रश्न ११). आणि आपण स्वतः हातात धरून "तू नको बघू" म्हणायचं, हे त्यांना चांगलं कळतं.

१६. दिवसभर आजी सांभाळतात, गुडघे दुखतात, मागे पळता येत नाही. बसल्या जागी काय?

आजींकडे आपल्यापेक्षा जास्त स्टॉक असतो, त्यांना विचारत नाही कोणी. आपडी थापडी, करंगळीपासून बोटांचे खेळ, मांडीवरचं घोडा-घोडा, पाच-सहाच्या मुलांना गावांच्या नावांच्या भेंड्या. फुलवाती वळायला बसल्या की कापूस पिंजायला नातवंड. कपड्यांच्या घड्या, मोज्यांच्या जोड्या. वस्तू रुमालाखाली झाकून "कुठली गायब झाली?" हा तर दोघांचीही स्मरणशक्ती तपासतो आणि बहुतेक वेळा नातूच जिंकतो. आजींना रोज दुपारी तासभर झोप मिळेल असं बघा, तेही खेळाच्या नियोजनातच येतं.

१७. मुलगा भातुकली खेळतो. सासऱ्यांना आवडत नाही, "बायकी खेळ" म्हणतात.

खेळू द्या. गावच्या पंगतीला आचारी कोण असतात, बाप्येच ना, हे सासऱ्यांना हसत हसत विचारा. भातुकलीत मूल वाटणी, मोजमाप, बोलणं, पाहुण्याला बसवणं असं सगळं करत असतं. खरा खाऊ द्या, चुरमुरे, गूळ-पोहे, केळ्याचे काप, आणि सासऱ्यांनाच पहिल्या पंगतीला बसवा. नातवाने वाढलेलं ताट परत करणारे आजोबा मी अजून पाहिले नाहीत.

१८. आम्ही कॅनडात आहोत. हिवाळ्यात महिनोन्‌महिने घरात, आणि मराठी पण सुटत चाललंय. काही खेळ?

"मराठीत बोल" म्हणून कोणी बोलत नाही, खेळात लागलं की बोलतात. व्हिडिओ कॉलवर इकडून आजीने ऑर्डर सोडायची, "घरातली मऊ वस्तू आण, आता खरखरीत, आता डोक्यापेक्षा मोठी," आणि त्याने पळत जाऊन आणून दाखवायची, यात हालचाल पण होते. लपाछपीतही आजीवर राज्य देता येतं, फोन टेबलावर उभा करून ती वीसपर्यंत मोजते, मग आई फोन घेऊन घरभर फिरते आणि आजी सांगते "पडद्यामागे बघ गं". मात्र वेळ जुळवा, तिकडची संध्याकाळ म्हणजे इथली पहाट. दुकान-दुकानमध्ये भाजीची नावं मराठीतच ठेवायची, इंग्लिशमध्ये मागितली तर दुकानदाराकडे "माल नाही".

१९. हाताला प्लास्टर आहे, तीन आठवडे उड्या बंद. पलंगावर काय करू?

ट्रेमध्ये कणीक (प्रश्न ७), मोज्याची बाहुली, टॉर्च आणि सावल्या, चित्राचे तुकडे करून जोडणं, लग्नपत्रिकांवरचे गणपती कापून चिकटवणं. दिवसाचे तुकडे पाडा, सकाळी खिडकीपाशी, दुपारी पलंगावर, संध्याकाळी हॉलमध्ये. प्लास्टरमध्ये खाज सुटली की मुलं पेन्सिल, पट्टी आत घालतात म्हणून लांब टोकदार वस्तू जवळ ठेवू नका. ताप असेल तर खेळवूच नका, गोष्ट सांगा आणि झोपू द्या.

२०. आमचा तीन वर्षांचा मुलगा फक्त गाड्या ओळीत लावतो. दुसरं काहीच खेळत नाही. काळजी करू का?

नुसत्या ओळी लावणं बरीच मुलं करतात, त्यावरून काही ठरत नाही. बाकीचं बघा. हाक मारली की वळतो का? हवी ती वस्तू बोट दाखवून मागतो का, आणि "ते बघ" म्हणून नुसतं दाखवायला पण बोट करतो का? बाहुलीला भरवणं, खोटा फोन लावणं असं लटकं खेळतो का? शब्द वाढतायत का, की आधी बोलायचा आणि आता बोलणं कमी झालंय? यातलं बरंच "नाही" असेल, विशेषतः येत असलेलं बोलणं गेलं असेल, तर नातेवाईकांच्या "मुलगे उशिराच बोलतात"वर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानाची तपासणीही मागून घ्या.

सरकारी बाजूने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते आणि गरज असेल तर पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, तिथे पैसे लागत नाहीत. चौकशी अंगणवाडी ताईंकडे किंवा जिल्हा रुग्णालयात करा. जाताना मुलाचे घरी खेळतानाचे दोन-तीन छोटे व्हिडिओ फोनमध्ये घेऊन जा, कारण अनोळखी खोलीत मूल एकतर रडतं नाहीतर गप्प बसतं आणि डॉक्टरांना घरातलं वागणं दिसत नाही.